मागणी नाही

त्या वर्षी मी ज्या कंपनीत नोकरीला होते, तिच्या तळघरातल्या टाकीत एक दिवसाआड टँकर रिकामा व्हायचा, आणि तिसऱ्या मजल्यावर बसून आम्ही टँकर मागणाऱ्या लोकांच्या अर्जांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. बेसिनचा नळ कुणी ठिबकता ठेवला की मी ओरडायचे. लोक म्हणायचे, हिचं डोकं सारखं तापलेलं असतं. तापलेलंच होतं. शहराच्या नळांना आठवड्यातून एकदा पाणी, धरणात मृतसाठा, आणि जालना रोडवर मात्र एकामागून एक काचेच्या इमारती वर चढत होत्या. त्यांच्या भिंतींवर मारायला कुठून तरी पाणी यायचंच.

मी मेंढपाळाच्या घरातली. हर्सूल मागं टाकून बरंच पुढं गेलं की डोंगराच्या पायथ्याला आमची वस्ती लागते. आई-वडील वर्षातले आठ महिने मेंढरांमागं फिरतीवर, म्हणून मला वाढवलं ते आत्यानं. ती लवकर विधवा झाली, माहेरी आली आणि भावाकडून हक्कानं थोडी मेंढरं मागून घेऊन तिनं स्वतःचा कळप उभा केला. फिरतीवर ती जात नसे, डोंगरातच चारायची. मी इंजिनिअर झाले ते तिच्या कोकरांवर. त्यामुळं आत्याची मेंढरं म्हणजे माझ्यासाठी घरातली मोठी माणसं होती, त्यांना नावं ठेवायची माझी छाती नव्हती.

माझं काम तिला समजावून सांगणं सोपं नव्हतं. खरं तर कुणालाच नव्हतं. आमचा डेटाबेस शब्द जुळवून शोधत नसे, अर्थ जुळवून शोधत असे. प्रत्येक अर्जाच्या मजकुराची आकड्यांची एक लांबलचक ओळ तयार व्हायची. तिला आम्ही व्हेक्टर म्हणायचो. दोन अर्जांचा अर्थ जवळचा असेल तर त्यांच्या ओळीही एकमेकींच्या जवळ पडायच्या, मग शब्द वेगळे का असेनात. ‘विहीर आटली’ आणि ‘आडाला पाणी राहिलं नाही’ हे मशीनला शेजारी शेजारी दिसायचं. कारकुनानं एक वाक्य द्यायचं आणि मशीननं त्याच्यासारखे अर्ज काढून समोर ठेवायचे. ते वाक्य कारकुनानं कसं द्यायचं, कुठला शब्द आधी, कुठला नंतर, काय लिहिणं सक्तीचं, काय ऐच्छिक, ही प्रश्न विचारायची भाषा ठरवणं हे माझं काम. सिंटॅक्स म्हणतात त्याला. हुकूम मराठीत असावेत हा माझा हट्ट होता आणि तो मान्यही झाला, कारण कंपनीच्या मालकाला, म्हणजे आमच्या सरांना, त्यात जाहिरात दिसली.

मी पहिल्यांदा केलेली भाषा तीन शब्दांची होती. यातून, सारखे, काढ. ‘यातून अमकी वस्ती, सारखे पाण्याचा टँकर, काढ दहा.’ म्हणजे आधी त्या वस्तीचे अर्ज बाजूला घ्यायचे आणि मग त्यांतून तुमच्या वाक्याला जवळचे दहा निवडायचे. मला ही भाषा आवडली होती. वाचायला सरळ, चुकायला जागा कमी.

सरांना आवडली नाही. त्यात मशीनला वेळ लागायचा. लाखभर अर्जांमधून जवळचे दहा काढायला आमच्या इंजिनानं एक आडवाट तयार ठेवलेली होती, त्या वाटेनं उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत यायचं. पण ‘यातून’ म्हणून आधीच कुंपण घातलं की ती आडवाट बंद व्हायची आणि मशीनला पायी चालत जावं लागायचं. सर म्हणाले, “उलटं करा. आधी सगळ्या जिल्ह्यातून जवळचे काढा. मग त्यातले नको ते गाळा.” झालं. ‘यातून’ गेला आणि शेवटी ‘गाळ’ आला. ‘गाळ अमकी वस्ती’ म्हणजे तेवढी वस्ती ठेवायची, बाकीच्या गाळायच्या. सारखे, काढ, गाळ.

माझ्या शेजारी बसणारा आमचा ज्येष्ठ सहकारी, ज्याला सगळे भाई म्हणत, जुन्या शहरातला माणूस. इंजिनाचा आतला सगळा भाग त्याचा. तो तिथल्या तिथं म्हणाला, “नक्को सर, कायकू ऐसा उल्टा करना? पहले अपना ढेर अलग करो, फिर उसमें ढूंडो.”

मीही म्हणाले. सरांना पटावं म्हणून घरचा दाखला दिला. पाणवठ्यावर चार कळप एकत्र मिसळले तर आपलं लंगडं मेंढरू शोधायला आपण आधी आपल्या खुणेची मेंढरं वेगळी काढतो, मग त्यात लंगडं कोण ते बघतो. आधी चारही कळपांतली लंगडी गोळा केली आणि त्यातली पहिली दहाच बघायची ठरवली, तर ती दहाही दुसऱ्यांची निघू शकतात. मग आपण काय म्हणणार, आपल्यात लंगडं नाहीच?

सर हसले. म्हणाले, “मॅडम, इथं मेंढरं आणू नका हो.” बाकीचेही हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तरीही मी खाली बसले. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. मी खाली बसले, संगणक उघडला आणि त्यांना हवी तशी भाषा लिहून दिली. नियमांचा कागद मी केला, कुणी चुकीच्या क्रमानं लिहिलं तर मशीननं काय बोलायचं तेही मीच लिहिलं, आणि कागदाखाली सही केली. सही करताना मला थोडा अभिमानही वाटला होता. छोटी, सुटसुटीत भाषा झाली होती ना.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी पाहुण्यांपैकी एकानं गंमत म्हणून ‘पुरात घर वाहून गेलं’ असं टाकलं. ऐन दुष्काळात. मशीननं तत्परतेनं दहा अर्ज काढले, सगळे फुटलेल्या पाइपलाइनचे. टाळ्या पडल्या. सर्वांत जवळचं म्हणजे जवळचंच असतं असं नाही, एवढी साधी गोष्ट त्या खोलीत कुणाच्या डोक्यात आली नाही. ज्या दोघांच्या आली ते मागच्या रांगेत गप्प बसले होते. दोन आठवड्यांत आमचं सॉफ्टवेअर अर्जांच्या कामावर असलेल्या एका कचेरीत बसलं आणि मी पुढच्या कामाला लागले.

संक्रांतीला मी वस्तीवर गेले, तेव्हा विहिरीत कळशी बुडायची बंद झाली होती. कळशी तिरकी धरून वाटीनं भरावी लागायची. वर डोंगरात एक डोह होता, तो माझ्या आठवणीत कधी आटला नव्हता, त्याच्या तळाला भेगा पडलेल्या. खालच्या अंगाला, जिथून मेंढरं ओढ्याकडं जायची, तिथं प्लॉटिंग झालेलं. चुन्यानं रंगवलेले दगड, एक कमान आणि कमानीवर कारंज्याचं चित्र. त्या चित्राकडं बघून मला दगड मारावासा वाटला, आणि मी मारलाही. लागला नाही.

मूळ गावाला टँकर येत होता, पण गाव वस्तीपासून लांब. वस्तीचा टँकर वेगळा मंजूर व्हावा लागतो. आत्या म्हणाली, “तू शिकलेली हायस. चांगल्या अक्षरात लिव अर्ज.” मी वही घेऊन बसले. ती सांगत गेली तसं लिहीत गेले. वस्तीवरची मेंढरं पाण्यावाचून बसून राहतात. गाभण मेंढ्यांचे हाल बघवत नाहीत. डोह आटला, विहीर आटली. तरी मेंढरांसाठी पाणी मिळावं.

“आत्या, माणसांचं लिहू की. प्यायला पाणी नाही असं.”

“नाय. माणसाचं नको लिवू.”

“अगं, पण टँकर माणसांसाठीच असतो.”

“व्हय, मला म्हाईतंय. पर मागायचं ते जितराबाचं मागायचं. मेंढरायला मिळालं की आपल्याला मिळतंयच.”

ही आमच्यातली रीत आहे. फिरतीवर असताना परक्या शेताच्या बांधावर उभं राहून कुणी ‘मला तहान लागली’ म्हणत नाही. ‘मेंढरं तहानलीत’ म्हणायचं. शेतकऱ्याला कळतं, तो विहीर दाखवतो, आधी मेंढरं पितात, मग माणसं. स्वतःची तहान दुसऱ्याच्या दारात बोलून दाखवणं म्हणजे भीक, आणि भीक आम्ही मागत नाही. मला हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की मी पुढं वाद घातला नाही. जसं सांगितलं तसं लिहिलं, आत्यानं आणि वस्तीवरच्या सगळ्यांनी सह्या-अंगठे केले, अर्ज गेला. आणखी दोन घरांनी त्याच मजकुराचे आपापले अर्ज दिले.

टँकर आला नाही. आत्या दोनदा कचेरीत जाऊन आली. दोन्ही वेळेला तिनं फोनवर एकच सांगितलं, “तिथला माणूस म्हणतो, तुमच्या वस्तीची मागणीच नाय. आता तूच बोल, मी लिवलेलं गेलं कुठं?” मला वाटलं कुणीतरी कागद गहाळ केला. या कचेऱ्या असल्याच, असं मी खुशाल बोलून गेले. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण तर मी स्वतः सारवून दिलेलं.

होळी झाल्यावर मी रजा टाकली आणि तिच्याबरोबर गेले. टेबलामागं गळ्याला रुमाल गुंडाळलेला एक थकलेला कारकून होता. माणूस वाईट नव्हता. आत्याला बघून त्यानं आधी खुर्ची दिली. मग म्हणाला, “मावशी, मी काय करू सांगा. मी मुद्दाम नाही म्हणत नाही. हे बघा, तुमच्या वस्तीपुढं काय येतंय ते.” त्यानं संगणकाचा पडदा आमच्याकडं वळवला.

यादी होती. वस्त्यांची नावं आणि पुढं एक रकाना. आमच्या वस्तीपुढं लिहिलेलं होतं ‘मागणी नाही’. आणि वर करड्या अक्षरांत, जिच्या उत्तरातून हा रकाना भरला गेला होता, ती ओळ होती. सारखे पिण्याच्या पाण्याचा टँकर, काढ शंभर, गाळ वस्ती.

माझे शब्द. मी निवडलेले, मी लावलेल्या क्रमानं.

मला एका क्षणात सगळं दिसलं. मोठ्या गावांचे अर्ज नाक्यावरच्या एकाच टायपिंगवाल्याकडून झालेले, सगळ्यांचा मजकूर तोच, ‘पिण्याच्या पाण्याचा टँकर मिळणेबाबत’. मशीननं जिल्ह्यातून जवळचे शंभर काढले तेव्हा ते शंभर असल्याच गावांनी भरून गेले. मग त्यातून आमची वस्ती गाळून बघितली. एकही नाही. मशीनला नाही सापडलं म्हणून रकान्यात ‘मागणी नाही’. मेंढरांचं पाणी मागणारे आमचे तीन अर्ज आत कुठंतरी होते, पण कुणी त्यांच्यापर्यंत चालत गेलंच नव्हतं.

“जरा बाजूला व्हा,” मी कारकुनाला म्हणाले, आणि त्याच्या परवानगीची वाट न बघता कीबोर्ड ओढला. ‘गाळ’ आधी लिहिला, ‘काढ’ नंतर. मशीननं लाल अक्षरांत उत्तर दिलं. ‘क्रम चुकला. आधी काढा, मग गाळा.’ ते वाक्य मी एका दुपारी चहा पिता पिता लिहिलं होतं. थोडक्यात आणि नम्र झालं म्हणून भाईला वाचूनही दाखवलं होतं.

“उलटं चालत नाही मॅडम,” कारकून म्हणाला. “मी करून बघितलंय. पूर्वीच बरं होतं. गावागावाचे बस्ते असायचे. वस्तीचं नाव सांगितलं की फडकं सोडायचं, आत चार कागद असले तर चारही वाचायचे. आता बस्ते गोदामात टाकलेत.”

“हे सॉफ्टवेअर मीच केलंय,” मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मग समजूत घालावी तसा म्हणाला, “असू द्या. पाणी घेता का?” त्याचा विश्वास बसला नव्हता.

आत्या पडद्यावरच्या लाल अक्षरांकडं बघत होती. “काय म्हणतंय ते?”

“चुकलंय म्हणतंय.”

“कोण चुकलंय?”

“मशीन,” मी म्हणाले.

हातानं यादीत नाव घालायला कारकुनाला परवानगी नव्हती. घातलं तर चौकशी लागली असती. त्यानं सुचवलं, नवीन अर्ज द्या, टायपिंगवाल्याच्या शब्दांत द्या, मग येईल वर. मी तिथंच बसून लिहिला. ‘वस्तीवरील नागरिकांना पिण्यासाठी पाणी उपलब्ध नाही.’ आत्याला वाचून दाखवला. तिनं पेन हातात घेतलं, ठेवलं, परत घेतलं. “माणसाचं लिवलंस,” एवढंच म्हणाली आणि सही केली. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा तिनं आपली तहान दुसऱ्याच्या टेबलावर ठेवली होती, आणि ठेवायला मी लावली होती.

पुढची यादी आली. वस्तीपुढं ‘मागणी नाही’. मला हे अर्ज लिहितानाच कळायला हवं होतं. सारखेच शब्द असलेले अर्ज हजारानं पडलेले, त्यातले कुठले शंभर मशीन उचलेल याचा भरवसा काय? सगळे सारखेच जवळ. नवीन अर्जानं रांग धरली, पण रांगेत शेवटी. आत्यानं लाज गिळली ती फुकट.

मी सरांच्या केबिनमध्ये दार न वाजवता गेले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण आवाज बाहेरपर्यंत जात होता हे नंतर भाईनं सांगितलं. तुम्ही उंटावरून शेळ्या हाकता, हे बोललेलं आठवतं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या शांतपणाचा मला अजून संताप येतो. मग त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढला. “हा बग नाही मॅडम, हे डिझाइन आहे. गाळणी शेवटी, असं नियमात लिहिलंय. सही कुणाची आहे बघा.”

“मी तेव्हा नको म्हटलं होतं.”

“कागदावर तसं दिसत नाही.” मग म्हणाले, “आणि एका वस्तीसाठी अख्खी भाषा बदलायची? पुढच्या महिन्यात मोठं सादरीकरण आहे. ते होऊ द्या, मग बघू.”

“एक वस्ती नाही सर. प्रत्येक लहान वस्ती. ज्यांची माणसं थोडी, ज्यांचे अर्ज थोडे, ज्यांचं बोलणं वेगळं, ते सगळे. तुमच्या मशीनमध्ये जो मोठ्यानं आणि सगळ्यांसारखा ओरडेल तोच सापडतो.”

सरांनी बेल वाजवली आणि शिपायाला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं. काचेचा ग्लास, थंडगार, बाहेरून थेंब जमलेले. तो ग्लास भिंतीवर फेकावा असं मला फार वाटलं. पण घसा कोरडा पडला होता ओरडून. मी ते पाणी प्यायले.

परवानगी मिळाली नाही. भाई म्हणाला, “छोड़ो परमिशन. चलो बैठते.” आम्ही दोघं रोज दुपारी, बाकीची कामं उरकून, त्याच्या टेबलाशी बसायला लागलो. भाषेत मी ‘यातून’ परत आणला, त्यानं इंजिनात कुंपणाच्या आतून शोधायची वाट तयार केली. वस्ती लहान असेल तर आडवाट सोडून द्यायची आणि तिचे सगळे अर्ज एक-एक करून बघायचे, चार असतील तर चारही. आणि जुनी ओळ कुणी लिहिली तर मशीननं ती गुपचूप उलटी करून घ्यायची, म्हणजे कारकुनांना नवीन काही शिकायला नको. यात दोन आठवडे गेले. मध्येच एकदा मी चिडून भाईला म्हणाले, तू त्या दिवशी एकदाच का बोललास, भांडला का नाहीस? तो म्हणाला, “और तुम?” मग आम्ही परत कामाला लागलो.

सरांना कळलं तेव्हा ते आधी वेगावरच घसरले. मोठी यादी काढायला पूर्वी पाणी प्यायला लागावा तेवढाही वेळ लागत नसे, आता पडद्यावर चकरी फिरत राहायची. “ग्राहक पळून जातील,” ते म्हणाले. भाईनं मान वर न करता उत्तर दिलं, “सर, आठ आठ दिन नल का रास्ता देखते लोगां. आठ सेकंद नइ देखेंगे क्या?” कुणीतरी हसलं आणि या वेळी ते हसू सरांवर होतं. सादरीकरणाला येणाऱ्यांपैकी एकानं नेमका हाच प्रश्न आधी लिहून पाठवला होता, लहान गावं सुटतात का म्हणून. त्यामुळं सरांनी बदल ठेवला. माझ्या ओरडण्यामुळं नाही. सादरीकरणात त्यांनी त्याला ‘आमचं वैशिष्ट्य’ म्हटलं.

कचेरीत नवीन आवृत्ती बसली त्या सकाळी मी स्वतः आमच्या वस्तीचं नाव टाकून बघितलं. चारही अर्ज एका खाली एक आले. आत्याचा पहिला अर्जही आला, गाभण मेंढ्यांचा. मी ऑफिसात टेबलाशी बसून रडले, आणि रडायला येतंय याचाही राग आला.

दोन दिवसांनी यादी वर गेली, मंजूर झाली. मी आत्याला फोन केला. ती म्हणाली, “बरं झालं बाई.” मग म्हणाली, “मेंढरं दिली मी.”

“कुठं दिली?”

“बाजारात. पाडव्याच्या आधीच. उठंनात गं ती. दोन तर आमच्या म्होरंच गेली. बघत बसू काय?”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू लई कामात हुतीस.”

पाडव्याच्या आधी म्हणजे ज्या दुपारी मी सरांच्या केबिनमध्ये थंड पाणी प्यायले त्याच्या आसपास. मी नंतर दिवस मोजले नाहीत.

टँकर पहिल्यांदा वस्तीवर आला त्या दिवशी आत्यानं मला बोलावून घेतलं. मी जायला नको होतं. गेले. तिच्या झोपडीबाहेर मेंढरं कोंडायची जाळी, आम्ही वाघूर म्हणतो ती, घडी करून दोरीनं बांधून ठेवलेली होती. जमिनीवर लेंड्या अजून होत्या, वाळून पांढऱ्या पडलेल्या. वास तोच होता. मी तिथं जास्त वेळ उभी राहिले नाही.

वस्तीवरच्या सगळ्या बायका टँकरपाशी जमलेल्या. ड्रायव्हरनं नळी सोडली नव्हती, त्याला थांबवून ठेवलं होतं. आत्यानं शेजारणीला पुढं केलं. आत्या स्वतः विधवा, म्हणून मागं उभी. शेजारणीनं मला कुंकू लावलं, माझी ओटी भरली. कुणीतरी टोपी घातलेल्या म्हाताऱ्याला बोलायला सांगितलं, तो लाजला. मग आत्याच बोलली. तिला चारचौघांत बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“ही आमची पोरगी. तीन म्हैनं झालं कचेरीत कुणी आपल्याला इचारत नव्हतं. ही गेली, भांडली, त्या मशीनशी भांडली, तवा आपलं नाव निघालं. हिच्यामुळं टँकर आला.”

ती माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या नजरेत एवढं कौतुक होतं की मला ते सहन होईना. तेव्हा सांगायला हवं होतं. मशीन चुकलं नव्हतं आत्या, मी चुकले होते. सरांनी उलटं करायला सांगितलं आणि मी उलटं करून दिलं, सही करून दिलं. तुझी मेंढरं मी दिली बाजारात. वाक्य तयार होतं, तोंडापर्यंत आलं होतं.

शेजारणीनं माझ्या हातात नारळ ठेवला. टँकरच्या पुढच्या चाकाशी एक दगड मांडलेला होता. सगळे वाट बघत होते, बायकांनी घागरी खाली ठेवल्या होत्या.

मी नारळ फोडला. एका दणक्यात फुटला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.